सदर इसम सदर पत्त्यावर आढळला नाही

आमच्या इमारतीतील रहिवाशांमध्ये कमालीचा एकोपा आहे, हे मी रहिवासी मंडळाचा चिटणीस या नात्याने सुरुवातीलाच नमूद करतो. पाण्याच्या टाकीवरून आमची भांडणे होतात, जिन्यात चपला कोणी कुठे काढाव्यात यावरून दोन कुटुंबे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि गच्ची कोणाची हा प्रश्न आता पुढच्या पिढीकडे सोपवायचा असे ठरले आहे. पण कोर्टाचा माणूस दारात उभा राहिला की आम्ही सगळे एक होतो. त्याने कोणाचेही नाव घेतले तरी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत त्याला एकच उत्तर मिळते : "असं इथे कोणी राहत नाही."

हा ठराव मंडळाच्या सर्वसाधारण सभेत एकमताने झालेला आहे. एकमताने झालेला आमचा तो एकमेव ठराव. त्यामागचा विचार अगदी साधा होता. आज शेजाऱ्याच्या नावाचा कागद आला आणि आपण त्याचे दार दाखवले, तर उद्या आपल्या नावाचा कागद येईल तेव्हा तो काय गप्प बसणार आहे? शेजारधर्म म्हणतात तो हाच. ठरावाची अंमलबजावणी इतकी चोख झाली, की पुढेपुढे नाव ऐकून घेण्याचीही कोणाला गरज वाटेनाशी झाली.

तळमजल्यावर मागच्या खोलीत चावीवाले काका राहतात. किंवा राहत असत. यातले नेमके काय म्हणावे याबाबत सध्या कायदेशीर अडचण आहे. काकांचा धंदा कुलपे दुरुस्त करण्याचा आणि हरवलेल्या चाव्या बनवून देण्याचा. इमारतीच्या दाराशी, जिन्याखाली त्यांचे टेबल असते. स्वभाव पहिल्यापासून तिरसट. चावी हरवून आलेल्या माणसाला चार शब्द ऐकवल्याशिवाय त्यांनी कधी हत्याराला हात लावला नाही. "चावी घरी ठेवत जा आणि डोकं बरोबर घेऊन फिरत जा, म्हणजे ही वेळ येणार नाही," असे ते मलाही एकदा म्हणाले होते, आणि मी चिटणीस असल्याचे त्यांना ठाऊक होते. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. वडिलांनी दिलेली ती खोली आणि जिन्याखालचे ते टेबल, एवढाच त्यांचा संसार.

एके दिवशी सकाळी बेलिफ आला. कोर्टाचे कागद ज्याचे त्याला पोचवणारा, काखेत पिशवी अडकवलेला, स्थूल आणि अतिशय सभ्य माणूस. दाराशी पहिले काकाच बसलेले, म्हणून त्याने त्यांनाच विचारले. काकांच्या एका डोळ्याला भिंग होते, हातात चिमटा होता आणि चिमट्यात स्प्रिंग होती. बेलिफाने कागदावरचे नाव वाचायला सुरुवात केली. नाव पुरे व्हायच्या आत काका मान वर न करता म्हणाले, "असं इथे कोणी राहत नाही."

बेलिफ पहिल्या मजल्यावर गेला. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मशीन न थांबवता तेच सांगितले. मग तो माझ्याकडे आला. मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि म्हणालो, "मी चिटणीस आहे. इथल्या प्रत्येक रहिवाशाला मी जातीने ओळखतो. या नावाचं इथे कोणी राहत नाही." आणि त्यात मी खोटे काहीच बोललो नाही. नाव ऐकून मला खरोखरच काही बोध झाला नव्हता. काकांना काही नाव असेल, हा विचारच आमच्यापैकी कोणाच्या मनात कधी आला नव्हता.

बेलिफाने मग वरच्या मजल्यांवरची सगळी दारे वाजवून प्रत्येकाचे म्हणणे लिहून घेतले आणि त्याखाली सह्या घेतल्या. आम्हीही त्या वळणदार केल्या.

नंतर काही दिवसांनी काकांची पुतणसून माप घ्यायची टेप घेऊन आली. काकांकडे पाहून गोड हसली आणि थेट त्यांच्या खोलीत शिरली. काका तिच्या मागोमाग धावले. मी तिथेच होतो, त्यामुळे पुढचे संभाषण मला शब्दशः सांगता येईल.

"काय गं, काय हवंय?"

"काही नाही काका, तुमचं चालू द्या. खिडकीचं माप घेतेय. पडदे शिवायला टाकायचेत."

"माझ्या खिडकीला पडदे कशाला?"

"तुमच्या नाही हो," ती टेप गुंडाळत म्हणाली. "तुम्ही इथे राहतच नाही ना आता. कोर्टात तसा अहवाल गेलाय."

मग सगळा उलगडा झाला. काकांच्या पुतण्याने दावा लावला होता, की खोली घराण्याची आहे, काका कधीच कुठेतरी निघून गेले आहेत, खोली रिकामी पडली आहे, तरी ती मला मिळावी. कोर्टाने रीतसर सांगितले, आधी काकांना नोटीस पोचवा, त्यांचे म्हणणे ऐकू. त्यानुसार बेलिफ आला आणि त्याने अहवाल दिला : सदर इसम सदर पत्त्यावर आढळला नाही. शेजाऱ्यांनी तसा दुजोरा दिला. प्रवेशद्वाराशी बसणाऱ्या कारागिराने तर नाव पुरते ऐकूनही न घेता ठाम नकार दिला, यावरून सदर इसम या परिसरात अजिबात परिचित नसावा.

आता पुढच्या तारखेपर्यंत नोटीस पोचली नाही, तर काकांना न ऐकताच निकाल लागणार होता.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. पण गडी हरणारा नव्हता. त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली आणि तळातून एक कागद काढला. वडिलांनी हयातीतच ती खोली काकांच्या नावे करून दिली होती, शिक्क्यासकट. "हा कागद एकदा साहेबांसमोर धरला की खेळ खलास," काका म्हणाले. "फक्त मला ती नोटीस मिळाली पाहिजे."

आमच्या इमारतीच्या इतिहासात कोर्टाचा कागद स्वतःहून मागणारा हा पहिलाच रहिवासी. प्रसंगाचे गांभीर्य ओळखून मी स्वतः त्यांच्याबरोबर कोर्टात गेलो.

नोटिसांच्या खिडकीमागे एक कारकून पेन्सिलीला टोक काढत बसला होता. काका म्हणाले, "नोटीस द्या."

"कोणाची?"

"माझी."

कारकुनाने पेन्सिल खाली ठेवली. "लोक इथे नोटीस चुकवायला येतात. तुम्ही मागायला आलात. हेतू काय तुमचा?"

काकांनी सगळे सांगितले. कारकुनाने फाइल काढून अहवाल वाचला आणि ती मिटली. "हा माणूस त्या पत्त्यावर राहत नाही."

"अहो, तो माणूस मीच! तुमच्यासमोर उभा आहे!"

"उभे आहात ना. मी कुठे नाही म्हणतोय? पण नोटीस नुसत्या माणसाला देता येत नाही, पत्त्यावरच्या माणसाला द्यावी लागते. तुम्ही आत्ता ज्या पत्त्यावर उभे आहात तो आमचा पत्ता आहे."

"मग राहू दे तुमची नोटीस. तारखेला मी सरळ साहेबांसमोर जाऊन उभा राहतो."

"कसे राहाल? नोटीस मिळाली नाही, म्हणजे दाव्याची तुम्हाला माहितीच नाही. ज्याला माहिती नाही तो हजर होईल कसा? शिपाई आत सोडणार नाही."

काकांच्या कपाळाची शीर उडू लागली. मी त्यांच्या दंडाला धरले. कारकून तसा भला होता. तो म्हणाला, "चिडू नका. पत्ता पडताळून घ्या. दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांनी सही करून सांगितलं, की हा माणूस इथेच राहतो, की झालं."

प्रतिष्ठित हा शब्द ऐकून मी सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि पुढे झालो. कारकुनाने माझे नाव विचारले, फाइल पुन्हा उघडली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

"तुम्हीच का ते चिटणीस? 'प्रत्येक रहिवाशाला जातीने ओळखतो' वाले? सही तुमचीच ना ही? मग आता राहतो म्हणता, म्हणजे तेव्हा कोर्टाला खोटं सांगितलंत. तसं लिहून घेऊ का? त्याला वेगळं कलम आहे."

मी दोन पावले मागे सरकलो. "छे, छे. मी यांच्याबरोबर फक्त चालत आलो."

परतताना काका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा स्वभाव तिरसट असल्याचे मी वर सांगितलेच आहे.

मी मात्र राग न मानता त्याच संध्याकाळी तातडीची सभा बोलावली. सभेत काकांबद्दल सर्वांनी अतीव सहानुभूती व्यक्त केली, तशी नोंद आहे. अडचण एवढीच होती, की प्रत्येकाची सही आधीच्या जबाबाखाली होती. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकांसाठी जीव देईन, पण सही बदलून देणार नाही." त्यावर टाळ्या पडल्या.

बेलिफ आला त्या सकाळी घरी नसलेली एकच व्यक्ती निघाली, ती म्हणजे आमची ही. ती बहिणीकडे गेली होती. "मी देते सही," ती भर सभेत म्हणाली.

मी तिला बाजूला घेतले. "अगं, एकाच घरातून दोन उलटसुलट जबाब गेले तर चिटणिसाची काय प्रतिमा राहील?"

"प्रतिमा?" तिने आवाज अजिबात खाली आणला नाही. "मी न्हाणीघरात अडकले होते तेव्हा त्या माणसाने हातातलं जेवण टाकून दार उघडलं होतं. तुम्ही बाहेर उभे राहून मला विचारत होतात, कडी आतून लागली की बाहेरून."

हा उल्लेख विषयाला धरून नसल्याने मी तो इतिवृत्तात घेतला नाही. शिवाय तिची एक सही झाली तरी दुसरी हवीच होती.

काकांनी हट्ट धरला, की बेलिफाने एकदा खोलीत येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. तो आला. काकांच्या खुर्चीत बसून त्याने काकांच्या कपातून काकांनी केलेला चहा घेतला. काकांनी त्याला पलंग दाखवला, चपला दाखवल्या, गुडघ्याला लावायचे तेल दाखवले, बायकोचा फोटो दाखवला.

"यावरून पलंग इथे असतो असं दिसतं," बेलिफ सहानुभूतीने म्हणाला. "विजेचं बिल कोणाच्या नावावर आहे?"

"वडिलांच्या."

"मग इथे वडील राहतात."

"अहो, ते वारले!"

"त्यांच्या नावाने बिल येतंय, तोवर मला तसं लिहिता येत नाही." आणि त्याने वडील राहत असल्याची नोंद केली.

काका हात जोडून म्हणाले, "तुम्ही मला ओळखत नाही का? तुमच्या घरचं कपाट मीच उघडून दिलं होतं."

"ओळखतो तर! तेव्हा काय बोललात तेही लक्षात आहे. पण ते माझं खाजगी ओळखणं झालं. कोर्टाने तुम्हाला ओळखलं पाहिजे. आता असं करू, या पत्त्यावर तुमच्या नावाने टपालाने एक पाकीट पाठवू. ते तुम्हाला पोचलं, की पत्ता खरा ठरला."

पाकीट आले. पोस्टमन काकांच्या टेबलासमोर सायकलला टेकून उभा राहिला आणि पाकीट उलटसुलट करू लागला. काकांनी हात पुढे केला.

"थांबा काका. यावर शिक्का आहे. 'शेजाऱ्याकडून खात्री करून मगच द्यावे.' मी रोज तुम्हाला बघतो, पण शिक्का तो शिक्का." तेवढ्यात मी जिन्यावरून उतरलो. पोस्टमन म्हणाला, "बरं झालं, चिटणीसच आले. हे इथे राहतात ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतक्या आशेने कधीच पाहिले नव्हते. खरे सांगतो, मला वाईट वाटले. पण माणसाने एकदा सही करून जे सांगितले त्याला काही किंमत आहे की नाही? मी घसा साफ केला आणि म्हणालो, "याबाबतचा माझा जबाब कोर्टात दाखल आहे. त्यावर मी ठाम आहे."

पाकीट परत गेले. काकांनी हातातली कानस टेबलावर आपटली. माझ्या घराची जादा चावी त्यांच्याकडे करायला टाकली होती, ती मी त्या आठवड्यात मागितली नाही.

तारीख जवळ आली तसे काका खंगत चालले. चाव्या चुकू लागल्या. गिऱ्हाइकांना चार शब्द ऐकवणेही त्यांनी बंद केले, तेव्हा मात्र आम्हा सगळ्यांना काळजी वाटू लागली. शेवटी बेलिफालाच कणव आली. त्याने एक तोड काढली. "माणूस पत्ता सोडून गेला असेल, तर त्याच्या शेवटच्या दारावर नोटीस डकवता येते. डकवली की ती पोचली असं कायदा मानतो. फक्त दोन गोष्टी लागतील. ते इथून गेल्याचा मंडळाचा दाखला, आणि जागा सोडली असल्यामुळे नोटीस दारावर लावावी असा स्वतः यांचा अर्ज."

माझ्या मनावरचे ओझे उतरले. राहत नाही असे आधी म्हणणे आणि निघून गेला असे नंतर म्हणणे यांत कुठलीच विसंगती नव्हती. काकांना मदत करण्याची संधी मला अखेर मिळाली होती, आणि तीही जबाबाला धक्का न लावता. मी मंडळाच्या छापील कागदावर सुंदर अक्षरात दाखला लिहिला, गोल शिक्का मारला आणि स्वतःहून खाली एक वाक्य जोडले : त्यांच्या जाण्याने इमारतीत पोकळी निर्माण झाली आहे.

काका अर्ज हातात धरून बसले होते. "म्हणजे मी गेलो असं मीच लिहून द्यायचं?"

"कागदोपत्री हो," बेलिफ म्हणाला. "नोटीस मिळेपर्यंतच जायचं. मग आहातच की तुम्ही."

"आणि समजा परत येता नाही आलं तर?"

"काका, तुम्ही कुठे जाताय? इथेच बसणार ना खुर्चीत?" मी हसून म्हणालो. त्यांनी सही केली. आमची ही दारात उभी होती, ती आत निघून गेली.

नोटीस डकवण्याचा कार्यक्रम थाटात पार पडला. काकांनी वरचे कोपरे धरले, बेलिफाने खळ लावली. मग काका खोलीच्या बाहेर उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या दारावरचे स्वतःचे नाव मोठ्याने वाचले. सगळ्या इमारतीला त्यांनी चहा पाजला. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही त्यांना पहिल्यांदाच मनमोकळे हसताना पाहत होतो.

तारखेला काका इस्त्रीचा सदरा घालून, पेटीतला कागद छातीशी धरून कोर्टात उभे राहिले. नोटीस पोचलेली असल्याने शिपायाने अडवले नाही. न्यायाधीशांनी फाइल शांतपणे चाळली.

"पुतण्याचं म्हणणं, काका तिथे राहत नाहीत. शेजाऱ्यांचं म्हणणं तेच. मंडळाने शिक्क्यानिशी तेच कळवलंय, पोकळी वगैरे. आणि आता खुद्द काकांनी सहीनिशी लिहून दिलंय, की मी जागा सोडली." त्यांनी चष्मा काढला. "इतकं एकमत मी या खुर्चीत बसून कधी पाहिलं नाही. मग वाद कसला आहे?"

"साहेब, खोली माझी आहे! हा बघा कागद!"

"हा कागद खोली कोणाची ते सांगतो. आमच्यापुढचा प्रश्न, खोलीत कोण राहतं एवढाच आहे. तुमचा हक्क बुडालेला नाही, आजोबा. वेगळा अर्ज करा. फक्त तुमच्या आताच्या पत्त्यावरून करा, आणि तो पडताळून आणा."

ताबा पुतण्याला मिळाला.

ताबा द्यायला कोर्टाची माणसे आली तेव्हा मी गॅलरीतून पाहत होतो. कारकून, बेलिफ, दोन हमाल आणि एक टेम्पो. कौतुकाची गोष्ट अशी, की त्यांनी कोणालाही काही विचारले नाही. टेम्पो वळणावरून थेट आमच्या दारात आला आणि हमाल थेट मागच्या खोलीपाशी गेले. पत्ता बिनचूक होता.

मी खाली उतरलो, तर खोलीला कुलूप होते. बेलिफ जिन्याखाली आला. "काका, एक कुलूप उघडायचं होतं."

"कुठलं?"

"मागच्या खोलीचं."

"चावी माझ्या खिशात आहे," काका म्हणाले आणि त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली.

बेलिफाने तिला हात लावला नाही. "चावी चालत नाही. हुकमात लिहिलंय, रिकाम्या जागेचं बंद कुलूप कारागिराकडून उघडून घ्यावं. चावीने उघडलं तर ती आली कुठून, असं वर विचारतील. आणि या भागात कारागीर तुम्हीच."

काकांनी हत्यारांची थैली उचलली. ते कुलूप त्यांनी स्वतः घडवले होते आणि ते कोणाच्या बापाला उघडणार नाही असे ते सगळ्यांना सांगत असत. बराच वेळ लागला. सगळी इमारत भोवती जमली. काका घामाघूम झाले, दोनदा त्यांची तार मोडली, एकदा त्यांनी कुलपाला शिवी दिली आणि लगेच ते हाताने पुसलेही. शेवटी ते उघडले. हमालांनी "वा!" म्हटले. काका म्हणाले, "असं कुलूप आता कोणी करत नाही," आणि पायरीवर बसले. तिथून त्यांना उठायला आमच्या हिने हात दिला.

पलंग, पेटी, फोटो, तेलाची बाटली असे एकेक सामान रस्त्यावर आले. कारकुनाने पंचनामा लिहिला. शेवटी त्याने विचारले, "कुलूप उघडणाऱ्याचं नाव, पत्ता?"

काकांनी नाव सांगितले. पत्ता सांगितला. तळमजला, मागची खोली. कारकुनाने मुकाट्याने लिहून घेतला.

मला राहवले नाही. "अहो, हा पत्ता पडताळायला नको?"

"कारागिराचा पत्ता पडताळायचा नियम नाही," तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

म्हणजे ज्या कागदाने काकांना बाहेर काढले, त्याच कागदात कोर्टाच्या शिक्क्यानिशी लिहिले आहे, की ते तिथेच राहतात. हे प्रथम आमच्या हिच्या ध्यानात आले. ती पंचनाम्याची नक्कल घेऊन आली, वकिलाला दाखवून आली. वकील म्हणाला, अपील नक्की उभे राहील, म्हातारबुवांना खोली परत मिळेल. फक्त जोडीला दोन माणसांनी सही करून सांगायला हवे, की आम्ही यांना ओळखतो. पहिल्या ओळीवर आमच्या हिने सही केली आहे. दुसरी ओळ रिकामी आहे.

काका सध्या जिन्याखाली टेबलाला टेकून झोपतात. अपिलाची मुदत संपत आली आहे. मागच्या खोलीला पडदे लागले, निळे आहेत, शिवणही चांगली आहे. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंनीच शिवले. दुसरी सही त्या करू शकत नाहीत हे तुम्हाला समजेलच. मीही करू शकत नाही, माझे पद आड येते. मी तसे सांगितल्यापासून हिने माझ्याशी बोलणे सोडले आहे, पण पद ते पद.

म्हणून म्हटले, तुम्हाला विचारावे. इथवर वाचलेत, म्हणजे तुम्ही काकांना ओळखता. त्यांचा स्वभाव, त्यांची खोली, पलंगाखाली काय होते, गुडघ्याला ते काय लावतात, सगळे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्यापैकी कित्येकांपेक्षा जास्तच. आधीच्या कुठल्या जबाबावर तुमची सही नाही. आणि एवढा वेळ आम्हा लोकांना मनातल्या मनात काय काय म्हणत होतात, तेही माझ्या लक्षात आले आहे. तेव्हा पेन घ्या. या इथे सही करा. फार तर एकदा कोर्टात यावे लागेल, दोन प्रश्न विचारतील, तुमचे नाव फाइलला लागेल.

काय म्हणालात? "आम्हाला कशाला मध्ये ओढता?"

झाले तर मग. दोन प्रतिष्ठित शेजारी नकोत की टपालाचे पाकीट नको, तुमचा पत्ता जागच्या जागी पडताळून झाला. तुम्ही आमच्याच इमारतीत राहता. मजला तेवढा सांगा.